प्लेगजंतूची जननिक ओळख : बीड, १९९४

रोगकारक सूक्ष्मजंतूच्या डीएनएतील क्षारकांचा संपूर्ण क्रम वाचून त्याची जाती, वंश व प्रसार यांचा मागोवा घेण्याच्या पद्धतीस संपूर्ण जनुकसंच क्रमनिर्धारण म्हणतात. आष्टी तालुका ज्यात मोडतो त्या बीड जिल्ह्यातील १९९४ ची प्लेगची साथ या पद्धतीची निकड स्पष्ट करते.

भारतात १९६६ नंतर मानवी प्लेगची नोंद नव्हती. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि महिनाअखेरीस ताप व गाठी असलेले रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरत येथे फुप्फुसी प्लेगची साथ उद्‌भवली. लाखो लोकांनी ते शहर सोडले. काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबविली. देशात एकूण ८७६ संभाव्य रुग्ण व ५४ मृत्यू नोंदले गेले. निदान मुख्यतः रक्तरसाच्या चाचण्यांवर आधारलेले असल्याने हा रोग प्लेगच होता काय, याविषयी तज्ञांत वाद माजला.

सुरत व बीड येथील जंतूंच्या रेणवीय तपासणीचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००० मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनीही हे जंतू येर्सिनिया पेस्टिस असल्याचे दाखविले. तथापि या तपासण्या डीएनएच्या मोजक्या भागांपुरत्या होत्या, आणि निर्णय येईपर्यंत व्हायची ती हानी होऊन गेली होती.

या जंतूचा सु. ४६.५ लक्ष क्षारक-जोड्यांचा संपूर्ण क्रम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण क्रमामुळे दोन नमुन्यांतील फरक मोजता येतात. फरक जितके थोडे तितके त्यांचे नाते निकटचे. त्यावरून साथ स्थानिक उंदरांतून उद्‌भवली की बाहेरून आली, याचा अंदाज बांधता येतो. कोविड-१९ च्या काळात डिसेंबर २०२० मध्ये भारतात प्रयोगशाळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यात होती. महाराष्ट्रातील नमुन्यांत आढळलेल्या विषाणुवंशाच्या एका शाखेस मे २०२१ मध्ये ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

क्रमनिर्धारणाने निदानातील संदिग्धता दूर होते; परंतु त्यासाठी नमुना वेळेवर मिळावा लागतो. मेलेल्या उंदरांची खबर गावातूनच यावी लागते, हा मामल्याचा धडा अद्यापि कायम आहे.