दुसऱ्याच्या भट्टीतली नानकटाई

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या पुण्याच्या पेठेतल्या गल्लीतून एक मिरवणूक निघत असे. कुणाच्या डोक्यावर पत्र्याचा डबा, कुणाच्या हातात फडक्याने झाकलेली परात, आणि सगळ्यांची तोंडे कोपऱ्यावरच्या भट्टीकडे. डब्यात मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप मोजून भरलेले असे. चकली, करंजी, अनारसे, लाडू हे सारे घरच्या चुलीवर व्हायचे. नानकटाई तेवढी दुसऱ्याच्या विस्तवावर. असे का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढे इतिहासाची पुस्तके चाळायची खोड लागली, तेव्हा पडला.

उत्तर तसे चुलीतच आहे. आपला तवा, कढई, पातेले यांना आच लागते ती बुडाला. बिस्किटाला मात्र ती चोहोबाजूंनी हवी, आणि अशी आच पावाच्या भट्टीत मिळते. आपल्या किनाऱ्यावर पाव रुजवला पोर्तुगीजांनी. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. गोव्यात त्यांनी माडाच्या माडीने पीठ आंबवले आणि भट्ट्या पेटवल्या. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळात रवा, खोबरे, साखर आणि अंडे यांची 'बोलिन्हा' होते, ती त्याच परंपरेतली. पोर्तुगीज भाषेत 'बोलो' म्हणजे केक, आणि 'बोलिन्हो' म्हणजे छोटासा केक.

नानकटाईची वाट मात्र सुरतेहून येते. सुरतेत १६१६ च्या सुमारास डचांची वखार सुरू झाली. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ही वखार तेथे होतीच. डचांना पाव लागे, म्हणून भट्ट्या आल्या. १८२४ च्या इंग्रज-डच तहाने डचांनी हिंदुस्थानातली आपली ठाणी इंग्रजांना दिली आणि ते गेले. सुरतेच्या दोटीवाला या पारशी घराण्यात अशी हकीकत सांगतात, की डचांनी जाताना भट्टी त्यांच्या पूर्वजाच्या हाती दिली. गिऱ्हाइकच गेले, तेव्हा पाव उरू लागला. उरलेला पाव सुकवून विकता विकता बिस्किटे निघाली आणि पुढे नानकटाई. हकीकत घराण्यातली असली, तरी नावातला 'नान' तिला साक्ष देतो. फारसीत नान म्हणजे रोटी. रोटीच्याच घरात ही मिठाई जन्मली.

याच डचांची दुसरी वसाहत सातासमुद्रांपलीकडे होती. महाराजांनी सुरत लुटली त्याच १६६४ साली इंग्रजांनी अमेरिकेतले डचांचे न्यू ॲम्स्टरडॅम घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क केले. डच गेले, पण त्यांचा 'कुकये' हा शब्द तिथल्या स्वयंपाकघरात राहिला. त्याचाही अर्थ छोटा केक, आणि त्याचीच 'कुकी' झाली. १७९६ साली हार्टफर्ड येथे छापलेल्या अमेलिया सिमन्सबाईंच्या पाकपुस्तकात ही कुकी आहे. ती फुगवायला बाईंनी लाकडाच्या राखेपासून काढलेला खार वापरला आहे. हे वाचले तेव्हा मला आमच्या फडताळातली पापडखाराची पुडी आठवली. युक्ती एकच, खाराने पीठ हलके करण्याची.

मग एक कुकी कुरकुरीत आणि दुसरी चिवट-मऊ का होते? सारा खेळ पाण्याचा आहे. मैद्याला पाणी लागले की त्यात ताण येतो. पोळीची कणीक ताणली जाते ती यामुळेच. नानकटाईत पाण्याचा थेंब नाही. तूप फेसून फेसून पांढरे करायचे, त्यात पिठीसाखर, मग मैदा. तूप मैद्याच्या कणाकणाला बिलगते, ताण येऊ देत नाही, आणि नानकटाई तोंडात विरघळते. अमेरिकेतल्या चिवट कुकीत अंडे असते आणि काकवीचा अंश राहिलेली तपकिरी साखर असते. ही साखर ओल धरून ठेवते. शिवाय मधला भाग मऊ असतानाच कुकी भट्टीतून काढतात. पांढरी साखर घालून पाच मिनिटे जास्त भाजली, तर तीच कुकी कडक होते. आमच्या घरचे माप सोपे होते: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर रवा, चिमूटभर सोडा, वेलदोडा आणि जायफळ.

हे माप आजीचे. ती तूप असे फेसायची, की पाण्यात टाकलेला गोळा तरंगला पाहिजे. पण भट्टीवरून आलेली नानकटाई तिने कधी तोंडात घातली नाही. ती सोवळ्यातली, भट्टी मुसलमानाची. आज हे ऐकून कुणी हसेल. पण आमच्याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापली गेली, आणि टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. ज्या शहरात चहाच्या पेल्याने आणि बिस्किटाने एवढे वादळ उठले, तिथे आजीसारखी बाई भट्टीच्या नानकटाईला भिणार नाही तर काय!

एका वर्षी तिने ठरवले, नानकटाई घरीच करायची. पितळेच्या जाड पातेल्यात वाळू घातली, वाळूवर ताटली, ताटलीत नानकटाया, वर झाकण. खाली शेगडी फुललेली. अर्ध्या तासाने झाकण उघडले, तर नानकटाया बुडाला कोळसा आणि वर कच्च्या! आजीचे डोळे भरून आले. घरचे तूप वाया गेलेले तिला सोसत नसे.

मी न विचारता भट्टीवर पळालो. चाचा पत्रे पुसत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, आजीला सांग, खाली निखारे थोडे ठेवा, जास्त झाकणावर ठेवा. आणि वाळू आधी चांगली तापू द्या." मी घरी येऊन निरोप दिला. हे कुणी सांगितले, असे आजीने विचारले नाही. तिने चिमट्याने शेगडीतले निखारे उचलून झाकणावर मांडले.

दुसऱ्या खेपेला नानकटाया वर तडकल्या, कडा किंचित तांबूस झाल्या, आणि साऱ्या घरात जायफळाचा वास सुटला. आजीने आधी एक देवापुढे ठेवली. मग एका ताटलीत पाच-सहा काढल्या, बाजूला चकली आणि करंजी ठेवली, वर फडके टाकले आणि ताटली माझ्या हाती दिली. "भट्टीवर देऊन ये. म्हणावं, आच बरोबर बसली."

चाचांनी एक नानकटाई मोडली, आतला रंग उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "आजींचा हात हलका आहे." मी तेही घरी येऊन सांगितले. आजी काही बोलली नाही. पुढल्या वर्षी मात्र ती सकाळपासून तूप फेसत बसली आणि मला म्हणाली, "या वर्षी खूप करायच्या आहेत, शेगडीवर पुरं पडायचं नाही. डबा भट्टीवर ने." त्या दिवाळीत फराळाला बसल्यावर तिने नानकटाईचा तुकडा मोडला आणि खाल्ला. प्रायश्चित्ताचे नाव कुणी काढले नाही.

आता घरोघर विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. माझी नातही बटण दाबून, एकशे सत्तर अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत कुकी भाजते, कधी कुरकुरीत, कधी चिवट. निरोप घेऊन कुणाला पळावे लागत नाही. सोय झाली, यात शंका नाही. परंतु दिवाळीत नानकटाई हातात घेतली, की मला वाटते, हिचे पीठ आपले होते आणि आच शेजाऱ्याची. डचांपासून पारशांपर्यंत आणि पारशांपासून आमच्या चाचांपर्यंत ती एकेकाच्या हातून पुढे आली. आजीला हा इतिहास ठाऊक नव्हता. तिने ताटलीवर फडके टाकून माझ्या हाती दिली, तेवढेच.