आकडा उतरला म्हणजे पाणी गोडं?

1912 साली कॉनराड श्लुंबर्गर यांनी नॉर्मंडीत जमिनीत वीज सोडून दाब मोजला, तो खनिजांसाठी. पाण्याचा शोध नंतरचा. चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोहोंमध्ये दाब मोजायचा. अंतर वाढवलं की खोलवरचं कळतं. आपल्या अखंड काळ्या पाषाणात विद्युतरोध जास्त, पाणी भरलेल्या भेगाळ थरात कमी. त्यामुळे आकडा उतरला की आपण लगेच खूश! पण अकोला-अमरावतीकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, बऱ्याच ठिकाणी भूजल मुळातच खारं. तिथेही आकडा उतरतो. चिकणमातीनं उतरतो, कचऱ्याच्या ढिगातून झिरपलेल्या पाण्यानंही उतरतो. म्हणून आपण आधी शेजारच्या विहिरीचं पाणी तपासतो, मगच बोअरची जागा दाखवतो.