जुन्नर-आंबेगावात थंडीचे पाहुणे पक्षी : कोणते, कुठे आणि कधी दिसतात?

जुन्नर/मंचर : दिवाळी सरली, पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागायला लागली की धरणांच्या कडेला नवे आवाज ऐकू येतात. विहिरीच्या कठड्यावर शेपटी वरखाली करणारा परीट बसलेला असतो, विजेच्या तारांवर भिंगऱ्यांची रांग लागते आणि संध्याकाळी बाभळीवर भोरड्यांचा कलकलाट सुरू होतो. कार्तिक-मार्गशीर्ष, म्हणजे नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा, हा आपल्याकडे हिवाळी पाहुण्यांच्या आगमनाचा मुख्य काळ. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात तोही याच दिवसांत. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अली यांचा.

पक्षी बघायचे तर भिगवणलाच जायला पाहिजे, असा समज आहे. उजनीचं नाव मोठं आहे, त्यात वाद नाही. पण माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा, चिल्हेवाडी आणि डिंभे एवढी धरणं ज्या दोन तालुक्यांत आहेत, तिथल्या माणसाला पाहुणे बघायला लांब जायची गरज नाही. कुठे बघायचं एवढं कळलं पाहिजे.

पाणी बघा, मग पक्षी बघा

नोव्हेंबरमध्ये धरण काठोकाठ असतं. लोक भिंतीजवळ उभे राहतात, मोकळं खोल पाणी बघतात आणि "काहीच नाही इथं" म्हणून परततात. भिंतीजवळचं पाणी खोल असतं. तिथे पाणकावळे आणि वारकरी सापडतील. (वारकरी म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी, काही ठिकाणी त्याला चांदवा म्हणतात.) बाकीच्या बहुतेक बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना गुडघाभर पाणी लागतं. ते मिळतं फुगवट्याच्या शेपटीला, जिथे ओढा किंवा नदी धरणाला येऊन मिळते तिथे.

आवर्तन सुटलं की चित्र बदलतं. पाणी हटतं, ओला गाळ उघडा पडतो, त्यात किडे-अळ्या, गोगलगायी असतात. गाळपेर करणाऱ्याला जी जमीन हवी असते, तीच तुतवार, चिखल्या, टिलवा या छोट्या पक्ष्यांनाही हवी असते. येडगावचं धरण यासाठी वेगळं आहे. कुकडी प्रकल्पातल्या इतर धरणांचं पाणी तिथे येतं आणि तिथून डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. त्यामुळे तिथली पातळी सारखी चढ-उतार होते आणि काठ कधी बुडतो, कधी उघडा पडतो. आठ दिवसांपूर्वी रिकामा दिसलेला काठ आवर्तनानंतर भरलेला दिसू शकतो. आवर्तनाची बातमी शेतकरी पिकासाठी वाचतोच. पक्षी बघणाऱ्यानेही वाचावी.

माळशेज आणि पिंपळगाव जोग्याच्या रोहित पक्ष्यांबद्दल मात्र जाहिराती जरा जास्तच बोलतात. रोहित (काही जण अग्निपंख म्हणतात) चोच उलटी करून उथळ पाणी गाळून खातो. तुडुंब धरणात त्याला पाय टेकायला जागा नसते. पाणी उतरल्यावर, हिवाळ्याच्या उत्तरार्धात तो दिसण्याची शक्यता जास्त. पर्यटकाला तारीख देऊन रोहित दाखवण्याचं कबूल करू नये, हेच बरं.

पाण्यावरचे पाहुणे

सगळ्यात सहज ओळखू येतो चक्रवाक, म्हणजेच ब्राह्मणी बदक. नारिंगी-विटकरी अंग, फिकट डोकं, आणि उडताना पंखांवर पांढरा पट्टा. बहुतेक वेळा जोडीने असतो आणि माणूस लांबून दिसला तरी "आँग आँग" असा मोठा आवाज काढून सगळ्या काठाला सावध करतो. लडाख, तिबेटच्या उंच तळ्यांकाठी तो अंडी घालतो आणि थंडीत खाली येतो.

त्याच्यासोबत तलवार बदक (लांब टोकदार शेपटी), थापट्या (पळीसारखी रुंद चोच) आणि लहान चणीचा चक्रांग यांचे थवे असू शकतात. नर-मादी वेगळ्या रंगाचे असल्याने नवख्याला एकाच जातीच्या दोन जाती वाटतात. मादी बहुतेक मातकट तपकिरी असते, तेव्हा नाव ठरवताना आधी नर शोधावा.

पट्टकादंब हा राजहंसासारखा मोठा पक्षी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तो हिमालय ओलांडून येतो. अंगावर यंत्र बसवलेल्या पट्टकादंबांची सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तलावांवर सापडलेले आहेत. हा पक्षी दिवसा पाण्याकाठी आराम करतो आणि रात्री, पहाटे गवतात किंवा हरभरा-गव्हाच्या कोवळ्या पिकात चरतो.

पाण्यावर घिरट्या घालून एकदम पाय पुढे करून मासा उचलणारी "पांढऱ्या पोटाची घार" दिसली तर ती घार नसून मीनखाई, म्हणजेच कैकर असण्याची शक्यता मोठी. मासेमारी करणारे बांधव तिला आधी ओळखतात.

आता एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दर हिवाळ्यात "सायबेरियन क्रौंच आले" अशा पोस्ट मोबाईलवर फिरतात. सायबेरियन क्रौंच भारतात शेवटचा दिसला तो राजस्थानातल्या भरतपूरला, २००२ च्या हिवाळ्यात. त्यानंतर नाही. आपल्याकडे फोटोत दिसणारे लांब पायांचे पक्षी बहुतेक वेळा चित्रबलाक, चमच्या नाहीतर शेकाट्या असतात. ते आपल्याच देशातले आहेत. पाण्याप्रमाणे जागा बदलतात एवढंच. खरा उत्तरेकडचा पाहुणा पुष्कळदा मुठीत मावेल एवढा असतो. उसाच्या बांधावर, काडीच्या टोकाला बसून "टक टक" करणारा गप्पीदास जेमतेम पंधरा ग्रॅमचा असतो. हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया ही त्याची घरं. त्याचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

माळावर आणि कड्यावर

पूर्व भागात, म्हणजे आणे पठार, बेल्हे, आळे आणि आंबेगावचा लोणी-धामणीचा कोरडवाहू पट्टा, इथे पाण्यापेक्षा माळ महत्त्वाचा. गवतावरून अगदी खालून, पंख वर धरून, डुलत जाणारा शिकारी पक्षी म्हणजे भोवत्या. नर राखाडी-पांढरा, मादी तपकिरी आणि कमरेवर पांढरा ठिपका. भोवत्या टोळ, नाकतोडे आणि उंदीर खातो. रात्री तो झाडावर नाही तर गवतात जमिनीवर झोपतो. त्यामुळे हिवाळ्यात माळाला लावलेली आग त्याचा मुक्कामच जाळते.

पश्चिमेला आहुपे, दुर्गवाडी, नाणेघाटच्या कड्यांवर नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला आकाशावर लक्ष ठेवावं. कबुतराएवढा अमूर ससाणा याच सुमारास सह्याद्रीवरून जातो. लोणावळा भागात पुण्याचे पक्षीनिरीक्षक त्याची वाट बघत असतात. पूर्व सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून हा पक्षी दक्षिण आफ्रिकेत जातो आणि मध्ये अरबी समुद्र न थांबता ओलांडतो. वाटेत तो चतुर खातो, आणि चतुरही त्याच दिवसांत समुद्रापार निघालेले असतात.

या ससाण्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये नागालँडमधल्या दोयांग धरणाच्या परिसरात हे पक्षी जाळी लावून हजारोंनी मारले जात होते. त्याचे फोटो बाहेर आले, गावांच्या परिषदांनी बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, शिकार थांबली. तिथेही धरण होतं, मासेमारीची जाळी होती आणि पैशाची गरज होती.

भीमाशंकर अभयारण्याच्या (१९८५) दाट झाडीत पाहुणे असतात, पण दिसायला अवघड. तिथे माशीमार आणि वटवटे डोळ्यांपेक्षा कानांनी शोधावे लागतात.

भोरड्यांचं काय करायचं?

शेतकऱ्याचा खरा प्रश्न हा आहे. भोरडी, गुलाबी मैना, पळस मैना ही सगळी एकाच पक्ष्याची नावं. ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. सध्याच्या थव्यांत मातकट रंगाची पिल्लंही खूप असतात, त्यामुळे "गुलाबी कुठे आहे?" असं वाटतं. शाळू दाण्यावर आला की थवा एका बैठकीत कणसं मोकळी करतो. नुकसान खरं आहे, ते नाकारून उपयोग नाही.

पण भोरडीचं दुसरं काम ज्वारीचा दाणा भरण्याआधी चालतं. तेव्हा ती जमिनीवर रांगेने चालत नाकतोडे आणि अळ्या टिपते. चीनमधल्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी हिला घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरटी-भिंती बांधून दिल्या जातात. म्हणजे जिथे ती पिल्लं वाढवते तिथे ती राखणदार आणि आपल्याकडे चोर. एकाच पक्ष्याचा हिशेब दोन देशांत दोन तऱ्हेचा.

उपाय जुनेच आहेत आणि चालतात: माळा, गोफण, डबा वाजवणं, चमकणारी पट्टी. मात्र एकाच प्रकारच्या पट्टीला थवा थोड्या दिवसांत सरावतो. ती जागा बदलून लावावी आणि आवाज सोबत ठेवावा. राखण दिवसभर करण्यापेक्षा सकाळचे आणि संध्याकाळचे दोन तास करणं जास्त उपयोगी, कारण थवा तेव्हाच पोट भरतो. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी पेरणी एकाच सुमारास केली तर नुकसान वाटलं जातं. एकट्याचा शाळू आधी किंवा उशिरा पिकला की सगळा थवा त्याच्यावर. विषारी दाणे टाकणं हा मार्ग मात्र नको. त्यात भोरडीबरोबर तितर, होला, मोर आणि गावातली कोंबडीही जाते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. धरणावर बदक धरून खाणं हाही.

नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात द्राक्षांवर जाळी टाकायची वेळ आता जवळ येईल. ढिली जाळी सगळ्यात घातक. ताणून बांधलेल्या जाळीवर पक्षी आपटून निघून जातो, ढिल्या जाळीत पंख अडकतो. जमिनीपाशी लोंबणारी कड गुंडाळून घ्यावी आणि सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारावी. पक्षी अडकला तर ओढू नये. डोक्यावर कापड टाकावं, म्हणजे तो शांत होतो, मग कात्रीने धागा कापावा. घुबड, ससाणा यांच्या नखांपासून जपावं. जखमी असेल तर खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावं. चोचीत बळजबरीने पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जातं.

एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नये, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. पोल्ट्रीवाल्यांनी शेततळ्यावर उतरणाऱ्या रानपक्ष्यांचं पाणी कोंबड्यांना वापरू नये, ही काळजी घ्यावी.

बघायला जाताना

जुन्नर वन विभागात बिबट्याचा वावर आहे हे कुणाला सांगायला नको. पक्षी पहाटे छान दिसतात म्हणून अंधारात उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये. चांगलं उजाडल्यावर, दोघा-तिघांनी, मोकळ्या वाटेने जावं. ऊन कोवळं असेपर्यंत पक्षी काठावरच असतात. सूर्य पाठीशी घ्यावा, नाहीतर प्रत्येक बदक काळंच दिसेल. थव्याने माना वर केल्या की तिथेच थांबावं. फोटोसाठी उडवलेला थवा दूरच्या प्रवासानंतर साठवत असलेली चरबी जाळतो.

मोबाईलमध्ये मर्लिन हे मोफत ॲप घेतलं तर फोटोवरून नावाचा अंदाज मिळतो. नोंद ई-बर्डवर करता येते: तारीख, जागा, कोणते पक्षी, किती. फोटो धूसर असला तरी चालतो, पण तारीख आणि गाव खरं हवं. फुगवट्याचे कोपरे गुराख्यांना आणि मासेमारी करणाऱ्यांना जितके माहीत असतात तितके पुण्याहून रविवारी येणाऱ्याला नसतात, त्यामुळे अशा नोंदी गावातूनच निघायला हव्यात.

कधी एखाद्या मेलेल्या किंवा जाळ्यातल्या पक्ष्याच्या पायात धातूचं कडं सापडतं. त्यावर इंग्रजीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशी सूचना आणि आकडा कोरलेला असतो. पक्षी जिवंत असेल तर कडं काढू नये. आकड्याचा स्वच्छ फोटो काढावा आणि पक्षी सोडून द्यावा. मग संस्थेच्या मुंबई कार्यालयाला आकडा, गाव आणि तारीख कळवावी. कडं कुठे आणि कधी घातलं होतं, याची नोंद त्या आकड्यावरून शोधता येते.