अदृश्य दुकानाची डागडुजी

इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष नेहमीं उभारणीकडे असतें. निगा राखण्याकडे तें सहसा जात नाहीं. किल्ला कोणीं बांधला, घाट कोणीं बांधविला, हें आपणांस शिलालेख सांगतात. परंतु त्या किल्ल्याच्या टाक्यांतील गाळ दरवर्षीं कोणीं काढला, घाटाच्या निखळलेल्या पायऱ्या कोणीं पुनः बसविल्या, याविषयीं लेख आणि बखरी दोन्ही बहुधा मौन धरितात. प्रस्तुत लेखाचा विषय अगदीं अलीकडचा, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे; तथापि त्याच्याही बाबतींत हाच प्रकार घडलेला दिसतो. संगणकाच्या द्वारें चालणारा व्यापार, ज्याला आतां आपण ‘ई-कॉमर्स’ या नांवानें ओळखतों, तो कोणीं सुरू केला आणि त्यांत कोण किती श्रीमंत झालें, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. तें दुकान रात्रंदिवस उघडें कसें राहतें, हें मात्र त्याच दुकानांतून दरमहा डाळ-तांदूळ मागविणाऱ्या गृहस्थास ठाऊक नसतें.

मलाही तें ठाऊक नव्हतें. गेल्या भाऊबीजेस मी बहिणीकडे गेलों होतों. ओवाळणें होऊन पानें वाढलीं, इतक्यांत माझ्या भाच्याचा फोन वाजला. तो एका ऑनलाइन दुकानाच्या संगणकांच्या देखभालीवर असतो. पानावरून उठून तो जो आंतल्या खोलींत गेला, तो तीन तासांनीं बाहेर आला. बहीण रागानें म्हणाली, “अरे, सणासुदीचें भरलें ताट टाकून गेलास! दुकान काय तुझ्या बापाचें आहे?” तो हंसून म्हणाला, “दुकान माझें नाहीं, आई. पण आज रात्रीं पहारा माझा आहे.” गिऱ्हाइकांचे पैसे वळते होत होते, पण मागणीची नोंद होत नव्हती, एवढेंच त्यानें मला सांगितलें. त्या उत्तरानें माझ्यांतील इतिहासाच्या अध्यापकास जागें केलें. हा पहारा आला कोठून, याचा शोध घेत मी जें वाचलें, त्याचें सार येथें देतों.

मुळांत प्रश्न जुनाच आहे. विकणारा आणि घेणारा यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं, अशा स्थितींत आधीं माल जावा कीं आधीं पैसा यावा? आपल्या देशांत या प्रश्नाचें एक सुरेख उत्तर टपाल खात्यानें १८७७ सालीं दिलें. तें म्हणजे व्ही. पी. ची पद्धति. पोस्टमननें पार्सल दारीं आणावें, पैसे घ्यावे, मगच पार्सल हातीं द्यावें आणि पैसे दुकानदाराकडे पोंचते करावे. आमच्या वडिलांच्या कपाटांतील निम्मीं मराठी पुस्तकें अशीच आलेलीं होतीं. प्रकाशकास वडिलांची ओळख नव्हती, वडिलांस प्रकाशकाची नव्हती. दोघांचाही विश्वास होता तो दारीं येणाऱ्या पोस्टमनवर. दूरस्थ व्यापारांत दुकानापेक्षां मधला दुवा अधिक महत्त्वाचा असतो, हें तत्त्व येथेंच दिसून येतें.

हा दुवा संगणकाच्या द्वारें जोडण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न इंग्लंडांत झाला. १९७९ सालीं मायकेल ऑल्ड्रिच या गृहस्थानें घरगुती टेलिव्हिजनचा संच टेलिफोनच्या तारेनें व्यापारी संगणकास जोडून दाखविला. पुढें १९८४ च्या मे महिन्यांत गेट्सहेड या गांवीं ७२ वर्षांच्या एका वृद्ध बाईनें आपल्या खुर्चींतून न उठतां टेस्को या दुकानाकडे मार्गरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडीं यांची मागणी नोंदविली. वृद्धांची सोय व्हावी म्हणून तेथील नगरसंस्थेनें हा प्रयोग चालविला होता. कल्पना उत्तम, यंत्र उत्तम. परंतु तार खासगी होती आणि दुकानें मोजकीं होतीं. सर्व जगास खुला असा रस्ता अजून व्हावयाचा होता.

तो रस्ता म्हणजे इंटरनेट. त्यावर व्यापाराची वर्दळ १९९० नंतरच्या दशकांत सुरू झाली, आणि रस्ता खुला म्हणजे तेथें चोरही आले. ११ ऑगस्ट १९९४ रोजीं अमेरिकेंत डॅन कोन या तरुणाच्या नेटमार्केट नांवाच्या दुकानांतून गायक स्टिंग याच्या गाण्यांची एक तबकडी १२ डॉलर ४८ सेंटांस विकली गेली. रक्कम क्षुल्लक होती. परंतु गिऱ्हाइकाच्या क्रेडिट कार्डाचा आंकडा गुप्तलिपींत बंद होऊन गेला, हें त्यांतील नावीन्य होतें. लवकरच नेटस्केप कंपनीनें असें कुलूप सर्वांनाच मिळावें म्हणून ‘एस. एस. एल.’ ही पद्धति काढली. आतां कुलूप आलें, काळजी मिटली, असें लोकांस वाटूं लागलें. पण १९९५ च्या सप्टेंबरांत बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनीं दाखवून दिलें कीं, या कुलुपाची किल्ली बनवितांना संगणक मुख्यतः घड्याळांतील वेळ आणि चालू कामाचे क्रमांक यांचाच आधार घेतो. ज्याला त्या वेळेचा अंदाज बांधतां येईल, त्याला किल्लीही बनवितां येईल! कंपनीस तातडीनें दुरुस्त आवृत्ति काढावी लागली. कुलूप ही एकदां करून ठेवण्याची वस्तु नसून सतत पारखीत राहण्याची वस्तु आहे, हा धडा व्यापार पुरता सुरू होण्यापूर्वींच मिळाला.

दुसरी अडचण स्मरणाची होती. टिम बर्नर्स-ली यांनीं रचलेल्या वेबची मूळ घडण अशी कीं, आपण एक पान मागावें, दूरच्या संगणकानें तें द्यावें आणि देणाऱ्यानें घेणाऱ्यास तत्क्षणीं विसरून जावें. लेख वाचावयास हें ठीक आहे. परंतु ज्या दुकानदारास गिऱ्हाइकानें मघाशीं साखर घेतली हें चहा घेतांना आठवत नाहीं, त्याचें दुकान कसें चालावें? यावर १९९४ सालीं नेटस्केपच्या लू मॉन्टुली यानें तोड काढली. गिऱ्हाइकाच्याच संगणकावर एक लहानशी खुणेची चिठ्ठी ठेवून द्यावयाची आणि दर खेपेस ती परत वाचावयाची. हीच ती ‘कुकी’. या चिठ्ठीमुळें दुकानास स्मृति आली आणि बाजाराची टोपली हातीं धरतां आली. गिऱ्हाइकाच्या मागें मागें फिरून त्याच्या आवडीनिवडी टिपण्याची जी खोड पुढें जाहिरातवाल्यांस लागली, तिचा उगमही याच चिठ्ठींत आहे.

कुलूप आणि स्मृति हातीं येतांच दुकानांची गर्दी उसळली. १९९५ च्या जुलैंत जेफ बेझोस यांचें ॲमेझॉन हें पुस्तकांचें दुकान उघडलें. त्या दिवसांतील एक गोष्ट ते स्वतःच सांगत असत. पुस्तकें बांधण्याचें काम सिमेंटच्या जमिनीवर बसून चालें. गुडघे दुखूं लागले तेव्हां बेझोस म्हणाले, आपणांस गुडघ्यांना बांधावयाच्या गाद्या पाहिजेत. शेजारचा सहकारी म्हणाला, आपणांस टेबलें पाहिजेत! टेबलें आलीं आणि काम दुप्पट झालें. या गोष्टीवर लोक हंसतात. मला मात्र तींत त्या सर्व धंद्याची रीत दिसते. अमुक वस्तु लागेल हें आधीं कोणासच सुचलेलें नसतें. दुखूं लागल्यावर सुचतें, आणि ज्याच्या हाताखालीं काम असतें त्यालाच आधीं सुचतें.

उलट, आधींच सर्व सुचल्याची खात्री असलेल्यांचें काय झालें? १९९९ सालीं कॅलिफोर्नियांत वेबव्हॅन या कंपनीनें घरपोंच किराणा देण्याचें काम सुरू केलें. ओकलंड येथील तिच्या एकाच कोठारांत सुमारे साडेचार मैल लांबीचे फिरते पट्टे होते. एका शहरांतील जमाखर्चाचा मेळ बसण्यापूर्वींच तिनें आणखी २६ कोठारें बांधण्याचा १०० कोटि डॉलरांचा करार करून टाकला. योजनेंत यंत्रें होतीं, मोटारी होत्या, नकाशे होते. फक्त गिऱ्हाइकें हवीं तितकीं नव्हतीं. ८० कोटि डॉलरांहून अधिक तोटा सोसून जुलै २००१ मध्यें कंपनी बुडाली आणि सुमारे २००० माणसांची नोकरी एका दिवसांत गेली. कल्पना खोटी होती असें म्हणवत नाहीं. आज तीच कल्पना घरोघर चालते आहे. अनुभव येण्यापूर्वींच इमारत पुरी केली, एवढाच दोष होता.

परंतु गिऱ्हाइकें आलीं तरी संकट टळत नाहीं. ‘ईबे’ हा लिलावाचा बाजार १९९५ सालीं निघाला आणि चार वर्षांत इतका फोफावला कीं, त्याचे संगणक वाढ सोसूं शकेनात. १० जून १९९९ रोजीं हा बाजार कोसळला आणि सुमारे २२ तास बंद राहिला. बिघडलेल्या संगणकाची जागा तत्काळ घेईल असा दुसरा जोडसंगणक सज्ज नव्हता. कंपनीच्या प्रमुख मेग व्हिटमन यांनीं कचेरींतच खाट टाकून इंजिनियरांबरोबर रात्री काढल्या. बाजारांत आपला माल मांडून बसलेले हजारों लहान विक्रेते हवालदिल झाले. सामान्य दुकानाची फळी पडली तर एका गल्लीस कळतें; या दुकानाची फळी पडली कीं देशास कळतें, हें त्या दिवशीं प्रथम सर्वांच्या ध्यानीं आलें.

यापुढें शहाण्या कारागिरांनीं विचाराची दिशाच बदलली. बिघाड होऊंच नये अशी रचना करण्यापेक्षां, बिघाड होणारच असें धरून रचना करावी, असें ते म्हणूं लागले. ॲमेझॉननें आपला एकसंध अवजड प्रोग्राम तोडून त्याचे अनेक लहान स्वतंत्र भाग केले. एक भाग निजला तरी दुसऱ्यानें जागें असावें हा हेतु. २००७ सालीं त्यांच्या इंजिनियरांनीं ‘डायनॅमो’ या नांवाची आपली साठवण-पद्धति एका निबंधांत प्रसिद्ध केली. संगणक मोडो, तारा तुटोत, गिऱ्हाइकानें टोपलींत टाकलेली वस्तु गहाळ होतां कामा नये, ही तींतील प्रतिज्ञा होती. त्यासाठीं एकच नोंद अनेक ठिकाणीं ठेवावयाची आणि नोंदींत तफावत पडल्यास मागाहून मेळ घालावयाचा. याची किंमतही त्यांनीं प्रांजळपणें सांगितली आहे. टोपलींत टाकलेली वस्तु हरवत नाहीं. परंतु काढून टाकलेली वस्तु क्वचित् पुनः टोपलींत दिसूं लागते! दोहोंपैकीं कोणती चूक पत्करावी हें ठरविणें, यालाच या शास्त्रांत योजना म्हणतात.

आपल्या देशाकडे वळलें म्हणजे जुन्या ओळखीचा माणूस भेटल्यासारखें वाटतें. बेंगळुरास २००७ सालीं सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनीं फ्लिपकार्ट हें पुस्तकांचें दुकान काढलें. कुलूप होतें, कार्डें होतीं, तरी आपले लोक न पाहिलेल्या दुकानास आधीं पैसे देण्यास कचरत. तेव्हां २०१० सालीं त्यांनीं माल दारीं आल्यावर रोख पैसे घेण्याची सोय केली आणि धंद्यास जोर चढला. १८७७ सालची व्ही. पी. नव्या वेषांत परत आली! पुढें ६ ऑक्टोबर २०१४ रोजीं त्यांनीं सवलतींचा महाबाजार भरविला. नेहमींच्या वीसपट गर्दी धरून जवळजवळ ५००० सर्व्हर सज्ज ठेवले होते. गर्दी त्याहूनही अधिक लोटली, दुकान वारंवार बंद पडलें आणि संस्थापकांनीं पत्र लिहून गिऱ्हाइकांची क्षमा मागितली. वेबव्हॅनचा अंदाज फार मोठा ठरला, यांचा फार लहान ठरला. अंदाज चुकणें दोघांनाही चुकलें नाहीं. पण एकापाशीं चूक सुधारावयास वेळ आणि पैसा उरला, दुसऱ्यापाशीं उरला नाहीं.

या सर्व हकीकतींवरून माझें मत असें बनलें आहे कीं, या व्यापाराचा खरा इतिहास हा शोधांचा इतिहास नसून दुरुस्त्यांचा इतिहास आहे. जीर्णोद्धाराचें पुण्य नव्या उभारणीहून कमी नाहीं, असें आपल्याकडे परंपरेनें मानीत आले आहेत, आणि अहिल्याबाईंचें नांव आपण त्याच भावनेनें घेतों. या अदृश्य दुकानांचा जीर्णोद्धार मात्र रोज रात्रीं चालतो आणि तो करणारांचें नांव कोणी घेत नाहीं. ते करणारे कोणी परके नव्हेत. भिवंडीच्या गोदामांत वस्तु शोधीत दिवसभर चालणारीं माणसें, पावसांत जिना चढून पुडकें देणारा मुलगा आणि पानावरून उठून जाणारे आपले भाचे-पुतणे, याच पहाऱ्यांतील आहेत. माल दहा मिनिटांत यावा, दुकान क्षणभरही बंद असूं नये, ही आपली नवी हौस यांच्याच झोपेंतून आणि श्रमांतून पुरविली जाते. दुकान बंद असण्याचा हक्क आपल्या गांवच्या वाण्यास होता. अमावास्येस तो फळी लावी, आणि आपण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणीत असूं. तो काळ परत यावा असें मी म्हणत नाहीं. मीही याच दुकानांतून पुस्तकें मागवितों. पण पुडकें फोडतांना त्याच्यामागील पहाऱ्याची आठवण असावी, आणि घरांतील मुलगा अगर मुलगी असें काम करीत असेल तर तें काम काय आहे, हें एकदां तरी समजून घ्यावें.

त्या रात्रीं भाचा बाहेर आला तेव्हां दहा वाजून गेले होते. बहिणीनें रागावलेल्या चेहऱ्यानेंच वरण गरम केलें. तो जेवूं लागल्यावर तिनें हळूंच विचारलें, “मग? त्या लोकांचे पैसे परत गेले का?” “सगळ्यांचे गेले,” तो म्हणाला. तेव्हां कोठें तिनें त्याच्या पानांत दुसरी करंजी वाढली.