आखूड नळीची रायफल आणि प्रॅक्टिकल शूटिंग : नियम, फायदे आणि मर्यादा

नेमबाजी म्हटले की भारतीय वाचकांसमोर ऑलिंपिकचे चित्र उभे राहते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात नेमबाज एका जागी स्थिर राहून लक्ष्यवेध करतो. प्रॅक्टिकल शूटिंग हा खेळ याहून सर्वस्वी वेगळा आहे. यात स्पर्धक धावतो, आडोशामागून व खिडकीसारख्या झरोक्यांतून नेम साधतो आणि त्याची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजली जाते. अमेरिकेत या स्पर्धांमध्ये आखूड नळीच्या रायफलींचाही वापर होतो. तेथे मात्र नळीची लांबी हा केवळ सोयीचा नव्हे, तर कायद्याचाही प्रश्न आहे.

खेळाचे स्वरूप

इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन या संघटनेची स्थापना 1976 मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया येथे झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, शक्ती आणि वेग ही या खेळाची त्रिसूत्री मानली जाते. संघटनेची पहिली जागतिक रायफल स्पर्धा 2017 मध्ये रशियात, तर दुसरी 2019 मध्ये स्वीडनमध्ये पार पडली.

मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून स्पर्धकाचा निकाल काढला जातो. समजा, एका फेरीत 16 गोळ्यांचे 80 गुण आहेत. ते सर्व 20 सेकंदांत मिळवणाऱ्याचा भागाकार 4 येतो. दुसऱ्याने 74 च गुण मिळवले, पण 18 सेकंदांत, तर त्याचा भागाकार 4.11 येतो आणि तो पुढे जातो. दोन सेकंदांची बचत सहा गुणांना भारी पडते. आखूड आणि हलक्या शस्त्राचे आकर्षण येथूनच निर्माण होते.

16 इंचांची सीमारेषा

अमेरिकेच्या 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार 16 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 40.6 सेंटीमीटरपेक्षा, कमी लांबीची नळी असलेली किंवा एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी असलेली रायफल ‘शॉर्ट बॅरल रायफल’ ठरते. मूळ कायद्यात नळीची मर्यादा 18 इंच होती. या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात पिस्तुलांचाही समावेश होता. रायफल कापून पिस्तुलासारखी लपवता येऊ नये, यासाठी आखूड रायफलींचे कलम घालण्यात आले. पुढे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, आखूड रायफली मात्र कायद्यात राहिल्या.

अशा रायफलीवर आकारला जाणारा 200 डॉलरचा कर 1934 पासून नऊ दशके कायम होता. जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्यामुळे 1 जानेवारी 2026 पासून तो शून्यावर आला. तथापि, संघराज्य सरकारकडे अर्ज करून पूर्वमंजुरी घेणे आणि नोंदणी करणे ही बंधने त्या कायद्याने हटवली नाहीत. नोंदणी न केलेली आखूड रायफल बाळगल्यास 10 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुसऱ्या राज्यातील स्पर्धेसाठी ती नेताना स्वतंत्र पूर्वपरवानगी लागते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर सर्वसामान्य नागरिकास ती बाळगताच येत नाही. त्यामुळे घराजवळच्या मैदानावर वैध असणारे शस्त्र राज्याची सीमा ओलांडताच स्पर्धकाला गुन्हेगार ठरवू शकते.

लांबी मोजताना रायफल मिटलेल्या स्थितीत ठेवून आतील बोल्टपासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर धरले जाते. टोकाला कायमस्वरूपी जोडलेला भागही त्यात गणला जातो. म्हणूनच नोंदणीची प्रक्रिया टाळू इच्छिणारे अनेक स्पर्धक आखूड नळीला हलके आवरण कायमचे जोडून 16 इंच पूर्ण केलेली रायफल वापरतात.

फायदा कोणाला, तोटा कोणाला

आखूड रायफल अरुंद झरोक्यातून सहज फिरवता येते. तोंडाकडचे वजन कमी असल्याने एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नेम लवकर नेता येतो. मात्र नळी आखूड झाली की दारूच्या वायूंना गोळी ढकलण्यासाठी कमी अंतर मिळते आणि गोळीचा वेग घटतो.

हा वेग गुणांशी निगडित आहे. गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले 1,000, याला ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतात. रायफलसाठी तो किमान 150 असावा लागतो. 5.56 मिलिमीटरच्या काडतुसातील 55 ग्रेनची गोळी 20 इंची नळीतून सुमारे 3,200 फूट वेगाने निघते, तेव्हा हा आकडा 176 येतो. साडेदहा इंची नळीतून वेग 2,700 फुटांच्या आसपास उतरतो आणि आकडा 148.5 होतो. म्हणजेच स्पर्धक पात्रतेच्या रेषेखाली जातो. त्याला अधिक वजनाची गोळी निवडावी लागते. शिवाय आखूड नळीतून होणारा आवाज आणि झोत अधिक तीव्र असल्याने स्वतःच्या व शेजारच्या पंचांच्या कानांचे रक्षण अधिक काळजीने करावे लागते.

पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या कार्बाइनची गोष्ट निराळी आहे. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनने 2016 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. नऊ मिलिमीटरच्या काडतुसातील अल्प दारू आखूड नळीतच बहुतांशी जळून जाते. त्यामुळे लांबी कमी केली तरी वेगात फारसा फरक पडत नाही आणि 125 चा किमान पॉवर फॅक्टर सहज गाठता येतो. आखूड नळीचा खरा लाभ याच विभागात दिसून येतो.

सुरक्षितता आणि भारतीय कायदा

नळी आखूड असल्यास पुढचा हात नळीच्या तोंडापुढे जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे हात कोठवर न्यावा याची खूण देणारा अडसर अनेक जण बसवतात. नळीचे तोंड निर्धारित सुरक्षित कोनाबाहेर गेल्यास स्पर्धक तत्काळ बाद होतो.

भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. अमेरिकेतील स्पर्धांची छायाचित्रे पाहून आपल्या परवानाधारक शस्त्रात असा बदल करण्याचा विचार कोणाच्याही मनात आल्यास त्याने हे कलम लक्षात ठेवणे आवश्यक आहे.