दोन आकाशांची पाठचिकित्सा

वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभू यांच्या दोन संग्रहांची नावे ‘दिवेलागण’ (१९६२) आणि ‘नक्षत्रांचे देणे’ (१९७५) अशी आहेत. कवीच्या मनात काहीही असो, ही नावे शेजारी ठेवली की एक व्यावहारिक तंटा दिसू लागतो. दिवे लागतात तिथली नक्षत्रे विझतात. मुंबईचा हौशी छायाचित्रकार म्हणूनच तेजोमेघ टिपायला वेंगुर्ल्यासारखा किनारा गाठतो. एरवी शहरातल्या गच्चीवरून जमवलेल्या चित्रांचे त्याने काय करावे, असा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आम्हांला ओळखीचा वाटतो, कारण तो पाठचिकित्सेचा आहे. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून ते वि. स. सुकथनकरांनी सांभाळले आणि १९६६ साली ते पुरे झाले. हस्तलिखितांची संख्या मोजून पाठ ठरत नाही, प्रत्येकाचे वजन पाहावे लागते, हे त्या कामाचे सूत्र होते. शारदा लिपीतली काश्मिरी परंपरेची पोथी दुर्मिळ, तरी आदिपर्वात तिचा शब्द मोलाचा ठरला.

आकाशाचा हिशेबही असाच आहे. खगोलशास्त्रात तेजस्वितेच्या मापाला ‘प्रत’ म्हणतात, हा मराठीने करून दिलेला सुखद योगायोग. शहराचे आकाश चार प्रतींनी उजळ असेल, तर ते सुमारे चाळीस पट उजळ असते. मग अंधाऱ्या जागेचा एक तास शहरातल्या चाळीस तासांच्या तोडीचा होतो. वेंगुर्ल्याचा एक तास आणि मुंबईचे दहा तास यांची सरसकट सरासरी काढली, तर हाती येते ते अंधाऱ्या आकाशातल्या जेमतेम अठरा मिनिटांचे फळ. म्हणजे मुंबईचे दहा तास मिळवून चित्र बिघडले! वजन लावून जोडले, तर तेच पंचाहत्तर मिनिटांचे होते. फायदा थोडा, पण तो फायदाच.

चित्रे जोडण्याची कल्पना जुनीच. हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र एकावन्न मिनिटे काच उघडी ठेवून घेतले. शंभर वर्षांनी डेव्हिड मॅलिन यांनी ऑस्ट्रेलियात एकाच क्षेत्राच्या अनेक काचपट्ट्या एकावर एक छापून अतिमंद दीर्घिका उजेडात आणल्या. मात्र एकाच सदोष मूळ पोथीवरून उतरवलेल्या चाळीस नकलांची साक्ष एकच धरतात, तसेच येथेही आहे. यादृच्छिक कण-कण सरासरीने निवळतात. क्षितिजावरून चढत आलेली शहरी प्रभा मात्र प्रत्येक चित्रात असते, आणि ती सरासरीने जात नाही. जोडण्यापूर्वी ती वेगळी वजा करावी लागते.

तरीही शहराची साक्ष फेटाळू नये, असे आमचे मत आहे, आणि त्याला पुण्याचा आधार आहे. तेथील विज्ञान महाविद्यालयातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि त्याची प्रमुख रेषा रेखीव असल्याचे दाखवले. लॉकियर यांच्या सिद्धान्ताला ते गैरसोयीचे होते. (ती रेषा ऑक्सिजनची, हे १९२७ साली बोवेन यांनी सांगितले.) तेव्हाच्या पुण्याला आजच्या उजेडाचा त्रास नव्हता, पण आजचा शहरी छायाचित्रकार याच रेखीवपणावर जगतो. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेपुरताच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला की रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. म्हणून दीर्घिका आणि ताऱ्यांचे रंग वेंगुर्ल्याचे घ्यावेत, तेजोमेघाची लाली मुंबईची चालेल.

वेंगुर्ल्याची प्रतही निर्दोष नाही. पावसाळ्याचे चार महिने ती कोरीच राहते, दमट हवेत भिंगावर दव धरते, आणि एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीने समुद्राकडची काळोखी बाजूही उजळते. पण हे दोष मुंबईच्या दोषांहून वेगळे आहेत, आणि तेच उपयोगाचे. काश्मिरी आणि दाक्षिणात्य पोथ्या एकमेकींपासून दूर राहूनही जुळल्या की सुकथनकर तो पाठ जुना मानत. तसा एखादा पुसट धागा दोन्ही आकाशांत दिसला, तर तो तेजोमेघाचाच असण्याचा संभव वाढतो. एकाच आकाशात दिसला, तर संशय घ्यावा.

चिकित्सक आवृत्तीत संशयित पाठ तळटीपेत किंवा परिशिष्टात तरी टिकतो. जोडलेल्या छायाचित्राला तळटीप नसते. फार तर खाली जागा आणि तास लिहिलेले असतात. काय वजा केले, ते तेथे सहसा वाचायला मिळत नाही.