अंगणांतली झोंप आणि विजेचें बिल

वैशाखाच्या सुमारास आपल्याकडील गृहस्थ ज्या कागदाची वाट धास्तीनें पाहतो, तो कागद म्हणजे विजेचें बिल होय. माघ-फाल्गुनांत सौम्य दिसणारा आकडा चैत्र सरतांसरतां एकदम कां फुगतो, याचा उलगडा घरांत कोणासच होत नाहीं. ‘आम्हीं जास्त कांहीं जाळलें नाहीं,’ असें गृहिणी म्हणते, आणि तिचें म्हणणें बहुतांशीं खरें असतें. छताचा साधा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. असे तीन पंखे रोज पंधरा तास फिरले, तर तीस दिवसांत त्यांचींच १०१ युनिट होतात. महाराष्ट्रांतील घरगुती दराची पहिली पायरी १०० युनिटांवर संपते; १०१ पासून ३०० पर्यंतच्या दुसऱ्या पायरीवर ऊर्जेचा दर, अलीकडच्या दरपत्रकांप्रमाणें, पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे उन्हाळ्यांत नुसते पंखेच स्वस्ताईची पायरी संपवून टाकतात. मग दिवा, फ्रिज, इस्त्री, पाणी चढविण्याची मोटार हें सारें महाग भावानें मोजलें जातें. त्यावर वहन आकार आला, स्थिर आकार आला, शेंकडा सोळा वीज-शुल्क आलें. गेल्या वर्षाच्या सरासरीवर ठरणाऱ्या वाढीव सुरक्षा ठेवीची मागणीही पुष्कळदां याच दिवसांत दाराशीं येते.

मग ओघानेंच प्रश्न निघतो, कीं आपले आजे-पणजे विजेवांचून उन्हाळे कसे काढीत होते? यावर दोन उत्तरें ठरलेलीं असतात. एक, तेव्हां ऊन इतकें नव्हतें. दुसरें, तेव्हांचीं माणसें काटक होतीं. पहिल्यांत कांहीं तथ्य आहे. दुसरें मला मुळींच पटत नाहीं. गारवा पूर्वींही विकतच घ्यावा लागे. त्याचें मोल नाण्यांत दिलें जात नसे, आणि पुष्कळदां तें देणारा एक व गारवा भोगणारा दुसरा असे, एवढाच फरक. हा जुना हिशेब पाहावयाचा तर जुन्नरसारखा मुलूख सांपडणें कठीण. म्हणून पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांव व आळेफाटा यांच्या दरम्यान असलेलें पिंपळवंडी हें गांव मध्यबिंदु धरून तो येथें मांडतों.

या मुलखांतील उन्हाळ्याचा सर्वांत जुना खर्च दगडांत कोरलेला आहे. कोंकणांतून नाणेघाट चढून येणाऱ्या तांड्यांसाठीं घाटमाथ्याशीं पाण्याचीं टांकीं खोदलेलीं आहेत. जवळच्या लेण्यांत सातवाहनांच्या राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. जुन्नरभोंवतींच्या डोंगरांतील एका लेखांत ईरिल नांवाच्या यवनानें दोन पोढी, म्हणजे पाण्याचीं टांकीं, दान दिल्याची नोंद आहे. परदेशांतून आलेल्या मनुष्यानें या भूमींत पुण्य जोडावयाचें ठरविलें तेव्हां त्याला पाणीच सुचलें, यावरून येथील चैत्र-वैशाखाची त्याला पुरती ओळख पटली होती असें समजण्यास हरकत नाहीं. लेण्याद्रीच्या पायऱ्या भर दुपारीं चढून घामाघूम झालेला यात्रेकरू आंत शिरतांच सुस्कारा टाकतो, तोही त्याच दगडाच्या जाडीचा प्रताप. दाता ईरिल खरा. पण छिन्नी पाथरवटाची, आणि त्याचें नांव त्या लेखांत नाहीं.

राजेलोकांच्या गारव्याविषयीं फार लिहीत नाहीं. जुन्नरास बळ धरून इ. स. १४९० त स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदाच्या वंशजांनीं पुढें अहमदनगरास फराहबाग उठविली. तलावाच्या मधोमध महाल आणि लांबून नळानें आणलेलें पाणी. ती इ. स. १५८३ च्या सुमारास पुरी झाली. तिच्या खर्चाचा भार अखेर रयतेवरच पडला असला पाहिजे, हें सांगावयास इतिहासकाराची गरज नाहीं.

खरा विचार करण्याजोगें आहे तें साध्या कुणब्याचें घर. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशीं पाऊस दांडगा, म्हणून तेथें उतरतें छप्पर. पूर्वेकडे जसजसें यावें तसतसें धाब्याचें घर दिसूं लागे. लांकडाच्या तुळया, त्यांवर आडव्या काटक्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती जुन्या ओसाड वस्तीच्या जागेची, म्हणजे पांढरीची. ती चिकट असल्यामुळें पाणी सहसा आंत जाऊं देत नाहीं. भिंती इतक्या रुंद, कीं कोनाड्यांत दिवाच नव्हे तर घागरही राहावी. अशा भिंतीस व अशा छतास तापावयास अख्खा दिवस लागे. उष्णता आंत पोंचेपर्यंत सूर्य मावळलेला असे. त्यामुळें दुपारीं माजघरांत काळोख असला तरी गारवाही असे. आणि रात्रीं भिंती ऊब सोडूं लागल्या, कीं तोंपर्यंत घर रिकामें झालेलें असे. कारण सारें बिऱ्हाड बाहेर निजे. बाजा अंगणांत निघत, तरणीं मुलें धाब्यावर चढत, म्हातारीकोतारीं ओट्यावर आडवीं होत. विद्युच्छास्त्रांतील कोणत्याही यंत्रानें न साधणारी ही युक्ति होती: दिवसा घर वापरावें, रात्रीं आकाश.

तथापि या घराचें गुणगान करतांना त्याचें बिलही वाचलें पाहिजे. दर उन्हाळ्यांत पावसापूर्वीं धाब्यावर नवी माती घालावी लागे, उगवलेलें गवत उपटावें लागे, भेगा लिंपाव्या लागत. जमीन शेणानें सारवणें हें बायकांचें, आणि गारव्याच्या रांजणांत पाणी भरणें हेंही त्यांचेंच. विहीर आटली म्हणजे ती घागर किती लांबून येई, याची नोंद कोणत्याही मीटरवर नाहीं. अंगणांतली झोंप पुरुषांची. सुनेला बहुधा आंत, चुलीच्या धगीनें तापलेल्या सोप्याशेजारींच निजावें लागे. जुन्या गारव्याच्या आठवणी बहुतेक आजोबांच्या तोंडून ऐकूं येतात, आजीच्या तोंडून क्वचित्. त्याचें कारण मला हें दिसतें.

इंग्रजी अमलांत गारव्याला स्वतंत्र नोकर मिळाले. दारांवर वाळ्याच्या तट्ट्या लागल्या, त्यांवर पाणी मारणारा एक आणि दोरीनें झालरीचा पंखा ओढणारा दुसरा. साहेब आंत निजे, पंखेवाला बाहेर व्हरांड्यांत तापत बसे. दोहोंमध्यें एक भिंत आणि एक दोरी, एवढेंच अंतर. त्याच काळांत बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्याचें बर्फ गलबतांतून इ. स. १८३३ त कलकत्त्यास व पुढल्या वर्षीं मुंबईस येऊन पोंचलें. अमेरिकेंतील तळ्यांवर हिंवाळ्यांत गोठलेलें पाणी, लांकडाच्या भुशांत गुंडाळून, निम्म्या पृथ्वीला वळसा घालून यावें आणि मुंबईच्या शेटसावकारांनीं तें सरबतांत घालावें, हा व्यापार आज अद्भुत वाटतो. पण घाट चढून हें बर्फ जुन्नरकडच्या रयतेपर्यंत यावयाचें नव्हतें.

वीज मात्र घाटांतूनच निघाली. लोणावळ्याच्या परिसरांत पाणी अडवून टाटांच्या कंपनीनें खोपोलीचें वीजघर इ. स. १९१५ त चालू केलें. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीं. त्यापाठोपाठ मुळशीचें धरण आलें. इ. स. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं तेथें सत्याग्रह सुरू केला आणि सेनापति बापटांनीं त्याची धुरा वाहिली. जमिनी गेल्या, गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि भिऱ्याचें वीजघर इ. स. १९२७ त सुरू झालें. ईरिलाच्या पोढीपासून चालत आलेला नियम येथेंही मोडला नाहीं. पाणी मावळांत अडलें आणि दिवे मुंबईंत लागले. पुढें इ. स. १९६० त राज्याचें वीज मंडळ स्थापन झालें, दोन वर्षांनीं कोयनेची वीज आली, आणि हळूहळू खेड्यांत खांब उभे राहिले. पिंपळवंडीसारख्या बागायती टापूंत विजेची ओढ प्रथम विहिरीला होती. मोटेची जागा पंपानें घेतली आणि घरांतला दिवा मागाहून उजळला. पंखा तर त्याहून मागाहून आला. इ. स. २००५ त मंडळाचे विभाग होऊन वांटणीचें काम महावितरणकडे गेलें. दर ठरविणारा नियामक आयोग इ. स. १९९९ पासूनच होता.

याच पन्नास-साठ वर्षांत घर बदललें. धाब्यास लागणारें लांकूड महाग झालें, दर सालची माती घालावयास हात उरले नाहींत, आणि पावसांत गळणाऱ्या छतापेक्षां पत्रा बरा असें कोणत्याही शहाण्या मनुष्यास वाटावें असेंच होतें. ज्याच्याजवळ चार पैसे आले त्यानें सिमेंटचा स्लॅब घातला. मी यास मूर्खपणा म्हणत नाहीं; जो दर पावसाळ्यांत घरभर भांडीं मांडून बसला त्यानेंच याचा निवाडा करावा. पण गारव्याच्या दृष्टीनें दोहोंचाही गुण वाईट. पत्रा दुपारीं आग ओततो व रात्रीं लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो व तें रात्रीं खोलींत सोडतो. त्याखालीं फिरणारा पंखा वारा निर्माण करतो, थंडावा नव्हे. भिंतीनें पूर्वीं जें काम फुकट केलें असतें तेंच आतां मीटर करूं लागला. आणि गमत अशी, कीं छतही स्लॅबचें आणि बिलही स्लॅबचें. पहिल्याखालीं राहणारा दुसऱ्यांत आपोआप चढतो.

तरीही रात्रींचें आकाश उरलें होतें. तें कसें गेलें, ही या टापूची स्वतंत्र कथा आहे. कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे अशीं पांच धरणें झालीं. कालव्याचें पाणी आलें, ज्वारी-बाजरीच्या जागीं ऊस उभा राहिला, विघ्नहर सहकारी साखर कारखाना निघाला, तालुक्यांत पैसा खेळूं लागला. उसाच्या दाट फडांत बाराही महिने सावली, पाणी आणि आडोसा. वस्तीवर कुत्रीं, शेळ्या, वासरें. बिबट्यास याहून निराळें रान कशाला हवें? त्याच्या अनेक पिढ्या आतां उसांतच जन्मल्या व वाढल्या आहेत. इ. स. २००१ ते २००३ या काळांत जुन्नर वनविभागांत माणसांवरील हल्ल्यांनीं कहर केला. माणिकडोहास पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा-केंद्र आहे. पण हल्ले थांबले नाहींत, आणि पिंपळवंडीच्या परिसरांतही माणसें दगावलीं. उघड्यावर निजूं नका, अंधार पडतांच मुलांस आंत घ्या, असें वनखातें सांगतें, आणि तें योग्यच सांगतें.

परिणाम असा, कीं मळ्यांतील घराचें दार दिवेलागणीस बंद होतें. पुष्कळ ठिकाणीं खिडक्याही. स्लॅब ज्या वेळीं ऊब सोडतो त्याच वेळीं सारें कुटुंब त्याच्या खालीं कोंडलें जातें. कूलर आणावा, तर त्याला खिडकी उघडी लागते; बंद खोलींत तो नुसती दमट हवा ढवळीत बसतो. म्हणून ज्यास परवडतें तो वातानुकूलन यंत्राकडे वळतो. दीड टनाचें यंत्र रात्रभर चाललें, तर आठ-दहा युनिट सहज जातात. म्हणजे पहिली पायरी दहा-बारा रात्रींतच संपली. ज्यास परवडत नाहीं तो तीन पंखे लावतो आणि जागतो. शहरांतील वाचकांनीं चैन म्हणून ज्याची गणना केली असती तें येथें जिवाच्या भीतीचें मोल आहे. दराच्या पायऱ्या मात्र बाराही महिने त्याच. ज्येष्ठांतील शंभर युनिट आणि पौषांतील शंभर युनिट यांची गरज एक नव्हे, हें दरपत्रक जाणत नाहीं. उन्हाळ्याचे तीन महिने तरी पहिली पायरी रुंद करावी, असें माझें स्पष्ट मत आहे. आयोगापुढें जाहीर सुनावणी होते तेव्हां ग्राहकांनीं हेंच मागावें.

तोंवर लोक आपापल्या परीनें वाट काढीत आहेत, आणि त्यांतल्या कांहीं वाटा धाब्याच्या घराकडेच परत जातात. पत्र्यावर उसाचें पाचट पसरतात. वारा तें उडवितो व ठिणगी पडली तर घात होतो, तरी पसरतात. स्लॅबवर चैत्रांत चुन्याचा पांढरा हात देणें हा उपाय स्वस्त आहे व गुणही देतो. पंख्यांच्या बाबतींत तर हिशेब अगदींच उघड आहे. ‘बीएलडीसी’ या नांवाचे नवे पंखे सुमारें ३० वॅटांवर चालतात. तेच तीन पंखे, तेच पंधरा तास, आणि महिन्याकांठीं १०१ ऐवजीं ४०-४१ युनिट. पंखा महाग पडतो, पण बचतींतून थोड्याच काळांत अंतर भरून निघतें. इ. स. २०२४ च्या फेब्रुवारीपासून केंद्र सरकार छतावरील सौर संचास तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपयांचें अनुदान देतें. मात्र त्याला स्वतःचें, पक्कें छप्पर हवें. पत्र्याखालीं भाड्यानें राहणाऱ्या मजुरास त्याचा उपयोग नाहीं, आणि सर्वांत जास्त तापतो तोच.

एक विसंगति राहिली. इ. स. २०२४ पासून राज्यानें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. म्हणजे उसाला पाणी देणारी वीज फुकट आणि उसांतल्या बिबट्यामुळें बंद दाराआड फिरणाऱ्या पंख्याची वीज दुप्पट दरानें. शिवाय पंपाची वीज पाळीपाळीनें येते. आठवड्यांतले कांहीं दिवस ती रात्रींचीच. घरच्यांनीं दार लावून घेतल्यावर कुटुंबांतला एक पुरुष हातांत विजेरी व काठी घेऊन त्याच फडाकडे पंप चालू करावयास निघतो. सौर वाहिनीवरून शेतीला दिवसा वीज द्यावी अशी योजना इ. स. २०१७ पासून आहे, आणि दिवसाच्या विजेची मागणी या गांवांतून वारंवार होते. ती पुरती मान्य होईल त्या उन्हाळ्यांत पंख्याखालच्या अंथरुणांत एका माणसाची भर पडेल. बिल तेवढेंच येईल.